लॉन्च झाली जर्मनीत, वाट बघणं चाललंय सांगलीत: नव्या एअर रायफलसाठी थांबायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मुलगी सोळा वर्षांची, डावखुरी, १० मीटर एअर रायफल मारते, क्लबच्या जुन्या रायफलवर साठ शॉटमध्ये ६५४ पैकी ६१२ च्या आसपास स्कोअर येतोय. नऊ महिन्यांपूर्वी तुम्ही नव्या मॉडेलसाठी एक लाख अ‍ॅडव्हान्स भरलाय, डीलर दर महिन्याला "पुढच्या लॉटमध्ये नक्की" म्हणतोय, आणि इकडे युरोपातल्या पोरांच्या हातात तीच रायफल व्हिडिओत दिसतेय. तर थांबायचं, की पैसे परत मागून आहे ते मॉडेल घ्यायचं.

मी बावीस वर्षं या धंद्यात आहे, आधी मारायचो, मग खांदा गेला म्हणून शिकवायला लागलो आणि शिकवता शिकवता रायफली उघडून दुरुस्त करायची सवय लागली. त्यामुळे मुलांचे स्कोअर पण बघतो आणि त्यांच्या रायफलीची पोटं पण. उत्तर आधीच सांगून टाकतो, तुमच्या केसमध्ये थांबू नका. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे "लॉन्च झाली" या शब्दावर आपण फार जातो. मोबाइल लॉन्च झाला की आठवड्यात दुकानात येतो, तसं इथे नसतं हो. न्यूरेंबर्गला दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आयडब्ल्यूए नावाचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे कंपन्या नवीन माल मांडतात, आणि स्टँडवर काचेमागे जी रायफल असते ती पुष्कळदा अजून लाइनवर यायची असते, दोन-चार नग हाताने जुळवलेले. फोटो मात्र त्याच दिवशी सगळीकडे फिरतो. या कंपन्या पण काही मारुती नाहीत. वाल्थर आणि आन्शुट्झ उल्म गावात (दोघांचंही मूळ झेला-मेलिस, युद्धानंतर तिकडून उठून इकडे आले), फाइनवेर्कबाउ ओबेर्नडोर्फला नेकार नदीकाठी, स्टायर ऑस्ट्रियात. मॅच रायफल बनवणारे जगात मोजकेच, आणि बॅरल सगळ्या तपासून, ग्रुप मारून (म्हणजे एकाच जागी बरेच शॉट मारून ते किती जवळ पडतात बघून), त्याचं टेस्ट कार्ड लावून पाठवायचं म्हटलं की आकडा आपोआप लहान राहतो.

त्यात त्यांचं घरचं गिऱ्हाईक आधी. जर्मनीत गावोगावी शूटिंग क्लब, त्यांच्या फेडरेशनचे तेरा लाखांहून जास्त सभासद, आणि बुंदेसलिगा, म्हणजे तिकडची लीग, फक्त फुटबॉलची नसते, एअर रायफलची पण असते, ती साधारण ऑक्टोबरला सुरू होऊन हिवाळाभर चालते. म्हणजे त्या लोकांना रायफल उन्हाळ्यातच हातात हवी. त्यानंतर मोठ्या देशांच्या टीम. ऑलिंपिकच्या आदल्या वर्षी तर विचारूच नका. मग ऑगस्टमध्ये तिकडची अर्धी माणसं सुट्टीवर, डिसेंबरमध्ये नाताळ. या सगळ्यातून उरलं की बाकीच्या देशांच्या डीलरना वाटप होतं, अमुक देशाला इतके नग. आपला डीलर त्या रांगेत उभा असतो आणि तुम्ही डीलरच्या रांगेत. आणि तुमची मुलगी डावखुरी म्हणजे त्या रांगेतही मागे, कारण सुरुवातीचे लॉट बहुतेक उजव्या हाताचे निघतात, डावी ग्रिप मागाहून येते. ही गोष्ट डीलरने तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायला हवी होती. सांगितली नसणार.

आता आपल्याकडची बाजू, आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो. लोक म्हणतात एअर रायफलला लायसन लागत नाही मग अडतंय कुठं. खरंय, आर्म्स रुल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिमी बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल ठेवायला शस्त्र परवाना लागत नाही, आणि आपली मॅच रायफल जेमतेम साडेसात ज्यूलच्या आसपास असते (पेलेट म्हणजे छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या किंचित वर, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, करून बघा गणित). पण घरात ठेवायला परवाना नको आणि परदेशातून आणायला परवानगी नको, या दोन वेगळ्या गोष्टी. आयात मोकळी नाहीये. कागद लागतात, फेडरेशनची शिफारस लागते, खेळाडू स्वतःच्या नावावर आणत असेल तर त्याचा दर्जा बघतात, नॅशनलमध्ये ठरावीक स्कोअर केलेला "रिनाउन्ड शॉट" असेल तर त्याचा रस्ता वेगळा, नुकतं सुरू केलेल्या पोराचा वेगळा. ड्युटीत सवलत हवी असेल तर त्याचं प्रमाणपत्र अजून वेगळं. आणि परवानगीला मुदत असते! म्हणजे कंपनीकडून माल उशिरा निघाला की इकडचा कागद संपतो, कागद नवा करेपर्यंत तिकडचं वाटप दुसऱ्याला जातं. हे मी स्वतः दोनदा बघितलंय. एकदा तर कागदावर जुन्या मॉडेलचं नाव आणि खोक्यात नवीन मॉडेल, झालं, कस्टमला माल सात आठवडे पडून. त्यांचंही चूक नाही, त्यांना काय माहीत एकाच रायफलचं नुसतं नाव बदललंय की आत काही वेगळं आहे.

(५० मीटरचं तर सोडूनच द्या. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मारलं तो इव्हेंट, तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यातला मुलगा. ती .२२ ची रायफल म्हणजे कायद्याने सरळ फायरआर्म, तिला जर्मनीतून बाहेर पडायला तिथल्या सरकारचं एक्स्पोर्ट लायसन आणि इथे शस्त्र परवाना, दोन्ही लागतं. मुलगी पुढे थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा तोच ५० मीटरचा इव्हेंट) गेली तर तेव्हा बोलू.)

उशीर नुसता वेळ खात नाही, दोन गोष्टी अजून खातो. एक पैसा. कोटेशन युरोत असतं की रुपयात, ते बघितलंय का तुम्ही? युरो ९० च्या आसपास असताना ज्यांनी बुकिंग केलं आणि १०० च्या वर गेल्यावर बिल भरलं, त्यांना तीन हजार युरोच्या रायफलीमागे तीस हजार जास्त गेले, वर त्याच्यावरचा टॅक्स. एक लाख अ‍ॅडव्हान्स दिला म्हणजे भाव बांधला असं होत नाही, तसं लिहून घेतलं तरच होतं.

दुसरी गोष्ट सिलेंडर, आणि ही कोणीच सांगत नाही. रायफलीखाली जो हवेचा सिलेंडर असतो त्याच्यावर बनवल्याची तारीख किंवा मुदत कोरलेली असते, मुदत साधारण दहा वर्षांची, आणि मॅचला इक्विपमेंट कंट्रोलमध्ये (साहित्याच्या तपासणीत) ती तारीख बघू शकतात, उलटून गेलेला सिलेंडर वापरायचा नसतो, रायफल कितीही चांगली असो. दहा वर्षं मोजायची ती खोकं उघडल्यापासून नाही, कोरलेल्या तारखेपासून. माझ्याकडे एक नवी कोरी रायफल आली होती, प्लास्टिक पण निघालेलं नव्हतं, बॅरलवर तेलाचा वास, आणि सिलेंडर दोन वर्षं सात महिने आधीचा. कुठल्या तरी गोडाऊनमध्ये, कस्टममध्ये, डीलरच्या कपाटात मिळून सव्वादोन-अडीच वर्षं गेलेली. त्या मुलीच्या आईने तिथल्या तिथे डीलरला फोन लावला आणि दुसरा सिलेंडर घेतल्याशिवाय उरलेले पैसे दिले नाहीत. माउली हुशार निघाली, मी तरी तेवढं भांडलो नसतो. तर डिलिव्हरी घेताना पहिलं सिलेंडर फिरवून तारीख वाचा, मग बाकी रायफल बघा.

आता मूळ मुद्दा, नवीन रायफलीने स्कोअर किती वाढेल. इथे जरा मिलिमीटरमध्ये बोलू कारण भावनेने बोललं की सगळ्यांनाच नवीन हवी असते.

१० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पेलेट साडेचारचा. पेलेटची कड ठिपक्याला टेकली तरी दहा, म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटर हुकला तरी १०.० मिळतात. त्या अडीच मिलिमीटरचे दहा भाग, प्रत्येक पाव मिलिमीटरचा, सगळ्यात आतला १०.९. मुलीचा स्कोअर ६१२, भागिले साठ, सरासरी १०.२. म्हणजे तिचा साधारण शॉट मध्यापासून पावणेदोन ते दोन मिलिमीटर बाहेर पडतोय. बरोबर? आता क्लबची ती जुनी रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बांधून, तिला जमणाऱ्या पेलेटने दहा शॉट एकाच जागी मारून बघा. रायफल ठीक असेल तर सगळं मिळून भोक साडेपाच मिलिमीटरच्या आसपास येतं, त्यातून पेलेटचे साडेचार वजा केले की उरला एक. म्हणजे रायफल स्वतः मध्यापासून अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे करते. बाकीचा दीड कुणाचा? होल्डचा, ट्रिगरचा, श्वासाचा, पायाखालच्या बॅलन्सचा. नवीन मॉडेल त्या अर्ध्यातला थोडासा भाग कमी करेल, समजा अगदी भारी बॅरल निघाली तर. उरलेला दीड तसाच राहणार.

म्हणजे नवीन रायफल बोगस असते असं मी म्हणत नाहीये. ट्रिगर सुंदर असतो, झटका जवळजवळ जाणवत नाही, चीकपीस (गाल टेकवायचा भाग) आणि बटप्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) केसाएवढं सरकवता येतं, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर प्रत्येक वेळी हुबेहूब तसाच सुटतो. ६२८-६३० मारणाऱ्या पोरीला हे सगळं उपयोगी पडतं, कारण तिचा स्वतःचा वाटा कमी होत होत रायफलीच्या वाट्याजवळ आलेला असतो. ६१२ ला नाही. ६१२ ला सगळ्यात मोठा फायदा कशाचा होतो तर स्वतःची, रोज तीच, तिच्या मापाला लावलेली रायफल असण्याचा. क्लबची रायफल तिच्याआधी आणि नंतर कोण कोण मारतं, बटप्लेट हलवतं, साइट हलवतं, आणि तिचे पहिले वीस शॉट नुसते "हे काय झालंय" यात जातात. हा खरा तोटा आहे आणि तो कुठल्याही चांगल्या मॉडेलने भरून निघतो, आधीच्या पिढीच्या सुद्धा.

वाट बघण्याचा अजून एक परिणाम होतो, तो मला सगळ्यात वाईट वाटतो. माझ्याकडे एक मुलगा होता, नाशिककडचा, चांगला, ६१८ च्या आसपास मारायचा. घरच्यांनी नवीन मॉडेल बुक केलं, आणि त्या दिवसापासून तो जुन्या रायफलवरून मनाने उठला. चीकपीस दोन मिलिमीटर वर हवं होतं, सांगितलं तर म्हणाला "सर आता काय, नवीन येतेच आहे." हवा अडवणारी ओ-रिंग गळत होती, बदलली नाही. फॉलो थ्रू गेला, शॉट सुटला की लगेच खाली. चौदा महिने! चौदा महिने तो एका रायफलवर उभा होता आणि डोक्यात दुसरी होती. शेवटी आली ती नॅशनलच्या तीन आठवडे आधी, आणि हट्ट असा की तीच न्यायची. मी नको म्हणालो, वडील म्हणाले एवढे पैसे घातलेत. नवा ट्रिगर हलका, जुन्या बोटाची सवय, तिसऱ्या सिरीजमध्ये (दहा शॉटची एक सिरीज) शॉट लवकर सुटला, ८.९. मग घाबरून प्रत्येक शॉटला बोट लांब ठेवायला लागला. ६०९ वर उतरला. रायफल उत्तम होती हो, आजही त्याच्याकडे आहे आणि आता छान मारतो, पण ते वर्ष गेलं ते गेलंच. त्या डीलरचं काही नाव घेत नाही, तो बिचारा पण कंपनीकडून जे कळेल तेवढंच पुढे ढकलत होता, फक्त "माहीत नाही" म्हणायची त्याची हिंमत होत नव्हती.

आणि नवीन मॉडेलचं पहिलं वर्ष शक्यतो दुसऱ्याला वापरू द्यावं असं माझं स्वच्छ मत आहे. रायफल येते आधी, स्पेअर येतात नंतर. छोटी छोटी दुरुस्ती कंपनी मधल्या मधे करत असते, एखादा स्क्रू बदलतात, एखादं सील बदलतात, दुसऱ्या वर्षीचा नग न बोलता सुधारलेला असतो. युरोपात काही झालं तर वर्ल्ड कपला कंपनीचा माणूस टेबल मांडून बसलेला असतो, तासाभरात करून देतो. सांगलीत कोण बसलाय? टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं, कॉकिंगचा लिव्हर (दर शॉटआधी पिस्तूल तयार करायचा दांडा), ऑलिंपिकच्या रेंजवर, सगळी मदत हाताशी असताना सुद्धा किती मिनिटं गेली आणि फायनल हुकली. तेच आपल्या स्टेटला (राज्य स्पर्धेला) झालं तर पार्ट जर्मनीहून यायला परत तोच रस्ता, तीच परवानगी, तेच कस्टम. जुनं मॉडेल असेल तर पुण्या-मुंबईत कुणाच्या ना कुणाच्या डब्यात तो पार्ट सापडतो, माझ्याच डब्यात तीन-चार जुन्या मॉडेलची सीलं पडलेली आहेत.

तर करायचं काय. डीलरला फोन नको, लिहून विचारा, मेसेज चालेल. कंपनीने तुमच्या नगाची ऑर्डर स्वीकारल्याचा कागद आहे का, डाव्या ग्रिपसकट आहे का, इम्पोर्टची परवानगी निघालीय का आणि कुठल्या मॉडेलच्या नावाने, भाव रुपयात बांधलाय का. चारपैकी दोनांची उत्तरं गोलमोल आली तर समजून घ्या की माल अजून जर्मनीत पण नाहीये, बाजारात तुरी म्हणतात तसा प्रकार आहे. मग अ‍ॅडव्हान्स परत मागा, किंवा, हे जास्त जमतं, तोच अ‍ॅडव्हान्स त्याच्याकडे हातात असलेल्या आधीच्या मॉडेलकडे वळवा. डीलरला पैसे परत करण्यापेक्षा माल विकणं केव्हाही बरं वाटतं, त्यामुळे पाच-दहा हजार सुटतात पण, वर पेलेटचे दोन-चार डबे मागून घ्या. डावखुरीची चिंता थोडी कमी करा, काही मॉडेलमध्ये कॉकिंग लिव्हर दुसऱ्या बाजूला घेता येतो, फक्त डावी ग्रिप वेगळी लागते. ते आधी दुकानात उभं राहून तिच्या हातात देऊन बघा, कॅटलॉग वाचून नाही.

सेकंडहँड पण चालेल, मी तर म्हणेन जास्त चालेल, चांगल्या हातातली असेल तर. पण कागद बघा. कुणी स्वतःच्या नावावर, ड्युटी माफीत आणलेली असेल तर ती विकायला अटी असतात, तो म्हणेल "काय होत नाय ओ", तुम्ही ऐकू नका. बॅरल आतून बघायची, क्लॅम्पमध्ये ग्रुप मारायचा, दोन-तीन प्रकारचे पेलेट घेऊन, कारण एकाच रायफलला ४.४९ मिमी हेडचा (पुढच्या डोक्याचा) पेलेट गोड लागतो आणि ४.५० चा नाही, असं होतं. आणि सिलेंडरची तारीख, परत सांगतो.

थांबायचं कुणी? ज्याच्याकडे स्वतःची चालू रायफल आहे, जी तो प्रेमाने मारतोय, स्कोअर ६२५ च्या पुढे आहे आणि पुढच्या वर्षभरात मोठी ट्रायल नाही, त्याने खुशाल थांबावं, त्याचं काही अडत नाही. तुमची मुलगी यातल्या एकाही खान्यात बसत नाही. तिची स्टेट पाच महिन्यांवर आहे म्हणता. आत्ता हातात आली तर तिला दोन-अडीच महिने सहज मिळतील, नवीन रायफल अंगात मुरायला तेवढे लागतातच, पहिला महिना तर नुसतं ड्राय फायर (पेलेट न घालता सराव) आणि माप बसवण्यात जातो.

तोपर्यंत क्लबच्या सरांना विनंती करून ती जुनी रायफल महिनाभर एकटीच्या नावावर मागून घ्या, बटप्लेट, चीकपीस आणि साइटच्या खुणा पेन्सिलने वहीत उतरवून ठेवा, कोणी हलवलं तरी दोन मिनिटांत परत लावता येईल. सील बदलून घ्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. मी शनिवारी सकाळी बालेवाडीला असतो, जमलं तर तिला घेऊन या, क्लबची रायफल पण आणा, क्लॅम्पवर ग्रुप मारून बघू. येताना तिचे शूटिंगचे शूज विसरू नका, मागच्या वेळी एक जण स्लिपर घालूनच आला होता.